नाव हललं, माप राहिलं

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात 'मास्तर' म्हटलं की एकच माणूस, कटिंग मास्तर. बाकी सगळे नुसते कारागीर. मास्तरांच्या टेबलाला विचारल्याशिवाय हात लावायची खुद्द मालकीणबाईंची टाप नव्हती. टेबलावर कापडाचे थर, थरांवर लोखंडी वजनं, मास्तरांच्या कानावर खडू आणि गळ्यात टेप. हा टेप घरी गेल्यावरही गळ्यातच राहायचा. "अहो, जेवताना तरी तो गळफास उतरवा," असं बायको रोज म्हणायची आणि मास्तर रोज उतरवायचे.

मास्तरांची सगळी विद्या चिठ्ठ्यांवर चालायची. एका माणसाची एक चिठ्ठी. वर नाव आणि हुद्दा, खाली उंची, छाती, कंबर, खांदा, बाही. कापायला घेण्याआधी मास्तर सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडत आणि हलवाहलव करत. निळ्या कापडाचे एकीकडे, पांढऱ्याचे दुसरीकडे, कोटवाले वर, नुसते सदरेवाले खाली. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. चिठ्ठी उचलून कुठंही नेली तरी नावाबरोबर माप जाणारच, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. माणूस एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसला म्हणून काही त्याची बाही आखूड होत नाही.

अशा सुखात दिवस चालले असताना मालकीणबाईंना एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं आणि त्या कामाबरोबर कारखान्यात कॉम्प्युटर आला.

हॉटेलवाल्यांची पद्धत अशी की सगळ्यांनी मिळून एकच शीट भरायची. म्हणजे कॉम्प्युटरवर एक भलामोठा तक्ता. त्यात हॉटेलच्या ऑफिसातली बाई तिकडं बसून नावं लिहिणार, इकडं कारखान्यातून मापं लिहिली जाणार, आणि मालकीणबाई घरी चहा पितापिता फोनवर दोन्ही बघणार. पहिल्या दिवशी मास्तर मागं हात बांधून स्क्रीनसमोर उभे राहिले. एवढ्यात समोरच्या चौकटीत कुणीही हात न लावता अक्षरं उमटायला लागली.

"हे कोण लिहितंय?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"हॉटेलातली बाई," कॉम्प्युटरसमोर बसलेली काजताई म्हणाली.

"आपल्या शीटमध्ये?"

"आपली पण आहे, तिची पण आहे."

"एका वहीत दोघांनी एकदम लिहायचं? धक्का नाही लागत हाताला?"

अख्खा कारखाना हसला. मास्तरही हसले, पण त्यांचे कान तापले. ज्या माणसाला वीस पावलांवरून खांद्याचा उतार कळतो त्याला लोकांनी असं हसावं, हे काही त्यांना रुचलं नाही.

काजताई म्हणजे काज-बटणवाली. वर्षानुवर्षं मान खाली घालून काजं करणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. मुलीच्या शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन ती कॉम्प्युटर शिकली होती. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मुलगी माझ्यासमोर काहीतरी करायची आणि मला कळायचं नाही. राग यायचा." मालकीणबाईंनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं, फिरती खुर्ची दिली. पहिले दोन दिवस ती त्या खुर्चीत अंग चोरून बसायची, दुसऱ्याच्या घरी सोफ्यावर बसावं तशी. मग हळूहळू पाठ टेकायला लागली. हॉटेलात जाऊन सगळ्यांची मापं तिनंच घेतली आणि तिनंच शीटमध्ये भरली.

मास्तरांनाही शिकवायचं, असं मालकीणबाईंनी तिला सांगितलं होतं. तिनं शिकवलंही. माऊस कसा धरायचा, शब्द कसा निवडायचा, उचलायचा कसा, दुसरीकडं ठेवायचा कसा. मास्तर माऊस असा दाबून धरायचे की जणू सोडला तर पळून जाईल.

"हलकं धरा, मास्तर. कात्री नाहीये ती."

"कात्री असती तर तुला विचारलं असतं का?" मास्तर म्हणायचे. आणि तिनं पुढचं काही दाखवायच्या आत, "हां हां, आलं, आलं लक्षात," असं म्हणून उठायचे. खरं तर अर्धंच लक्षात आलेलं असायचं. पण काजं करणाऱ्या बाईला 'पुन्हा सांग' म्हणणं मास्तरांच्या जिभेला जमायचं नाही. जीभ तिथपर्यंत जायची आणि परत यायची.

मग एका सकाळी मास्तर जरा लवकर आले. कारखाना रिकामा होता. कापायला घ्यायचं होतं आणि शीटमधली नावं मात्र वाट्टेल तशी होती. आचाऱ्यानंतर दरवान, दरवानानंतर वाढपी, मग परत आचारी. मास्तरांचे हात शिवशिवले. कुणी बघत नाही असं पाहून ते काजताईच्या फिरत्या खुर्चीत बसले, एकदा हळूच गोल फिरून घेतलं, आणि नावं लावायला सुरुवात केली. दरवानांची नावं हुद्द्यासकट उचलली, वर ठेवली. वाढप्यांची एकत्र केली. आचाऱ्यांची खाली नेली. अगदी टेबलावर चिठ्ठ्या मांडाव्यात तसं. पुढच्या चौकटीतली उंची, छाती, बाही आपोआप मागोमाग येणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. शीट कशी गणवेशात उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मास्तर स्वतःवरच खूश झाले. त्या दिवशी ते शीळ घालत कापत होते, असं कापडाच्या कडा शिवणारा ओव्हरलॉकवाला अजून सांगतो.

नावं ओळीत लागलेली काजताईनंही पाहिली. मालकीणबाईंनी लावली असतील, असं तिला वाटलं. मालकीणबाईंना वाटलं, काजताईनं लावली. सगळ्यांनी मिळून काम करायचं म्हटलं की एवढी एक सोय असते. जे काही झालं ते दुसऱ्यानंच केलं असणार.

ट्रायलच्या दिवशी हॉटेलच्या मागच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. मास्तर, मालकीणबाई, काजताई, आणि भिंतीला लागून रांगेत उभे असलेले हॉटेलचे लोक. पहिला दरवान पुढं आला. दारातून येताना मान वाकवावी लागेल असा उंच माणूस. त्यानं कोट चढवला. बाह्या कोपराखाली जेमतेम उतरल्या आणि थांबल्या. त्यानं हात वर करून सलाम करून दाखवला, तर कोट बरगड्यांपर्यंत वर गेला.

"दुसरा बघू," मालकीणबाई घाईघाईनं म्हणाल्या.

दुसरा निघाला एक बुटका, गोल, हसऱ्या चेहऱ्याचा वाढपी. त्याची पँट पायांच्या पुढं फूटभर चालत होती. तो ती दोन्ही हातांनी वर धरून आला आणि म्हणाला, "मी ताटं कशानं धरू?" तिसरा आचारी. त्याच्या कोटात तो आणि त्याचा मदतनीस दोघं मावले असते. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "बाई, आमच्याकडं पाहुणे राहायला येतात. सर्कस बघायला नाही."

मास्तरांनी आधी कोटाकडं पाहिलं. खांदा सुबक, कॉलर चोख, बाहीचा गोल जिथं बसायला हवा तिथं. कपडा बिनचूक होता, फक्त आतला माणूस भलताच होता. मालकीणबाई फोनवर शीट उघडून वाचायला लागल्या. "दरवान... उंची पाच फूट एक? या माणसाची?" आणि त्या क्षणी मास्तरांना ती सकाळ आठवली. आपण वर उचलून ठेवलेलं हेच नाव. पण खात्री नव्हती ना! खात्री नसताना माणसानं उगाच कशाला बोलावं, असं त्यांच्या मनानं चटकन सुचवलं. अडचणीच्या वेळी मास्तरांचं मन फार हजरजबाबी होतं.

"मापं कुणी भरली?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांसमोर विचारायचं होतं.

"मी," काजताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी नीट बघून... एखादी ओळ चुकली असेल. वर-खाली झाली असेल माझ्याकडून."

खोलीत शांतता पसरली. आता मास्तरांनी नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तरी पाप थोडं कमी झालं असतं. पण शांतता त्यांना सोसेना, आणि ते बोलले. मोठ्या मनाच्या माणसाच्या आवाजात, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं बोलले.

"जाऊ द्या, बाई. नवीन आहे ती. नव्या माणसाच्या हातून व्हायचंच. शिकेल."

मॅनेजरनं त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचं काळीज मोठं आहे." काजताईनंही त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात चक्क उपकाराची भावना होती. मास्तरांनी टेप काढला आणि एकदम दरवानाच्या पायाशी बसून, जे मोजायची काही गरज नव्हती ते मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी कारखान्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'शीटमधल्या चुकीमुळे हॉटेलचं काम पुन्हा करावं लागणार आहे. काजताई उद्यापासून काज-बटणावर बसतील. यापुढं मास्तरांना दाखवल्याशिवाय शीटला कुणी हात लावायचा नाही.' खाली ओव्हरलॉकवाल्यानं अंगठा दाखवला. इस्त्रीवाल्यानं दोन दाखवले. काजताईनं लिहिलं, 'ठीक आहे.' एवढंच.

म्हणजे ज्यानं शीट बिघडवली तोच तिचा राखणदार झाला.

घरी त्या संध्याकाळी मास्तर जेवायला बसले, पण ताट तसंच राहिलं. बायको रोज फोनवर बहिणीचं तोंड बघत तासतासभर बोलणारी, या बाबतीत नवऱ्यापेक्षा चार पावलं पुढं. मास्तरांनी ताटात बोटानं रेघा ओढत विचारलं, "समज, एखाद्यानं कॉम्प्युटरवर काही हलवलं. चांगल्या हेतूनं. आणि दुसऱ्यावर आळ आला. तर त्या एखाद्याची चूक धरायची का?"

"तो एखादा कुठं राहतो?" बायको म्हणाली.

"असाच. समज म्हटलं ना."

"आपल्याच घरात राहतो का?"

मास्तरांनी ताटातली रेघ पुसून टाकली.

"अहो, चूक झाली ती झाली. पण नंतर काय केलंत ते सांगा."

"नंतर मी तिची बाजू घेतली," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले.

बायकोनं भाजीचं भांडं जमिनीवर ठेवलं. "बाजू घेतली?" एवढंच म्हणून ती त्यांच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यानं मास्तरांना जेवढं लागलं तेवढं तिनं चार शिव्या घातल्या असत्या तरी लागलं नसतं. टेप अजून गळ्यात होता. तो काढा, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.

तरी मास्तर लगेच बोलले नाहीत. खात्री करून घेऊ, मग बोलू, असं ठरलं. खात्री होऊ नये अशी मनातून इच्छा असली की खात्री करायला वेळ फार लागतो. इकडं काजताई काज-बटणाच्या मशीनवर मान खाली घालून बसलेली. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. मालकीणबाई येताजाता विचारायच्या, "मास्तर, शीट पाहिलीत?" आणि मास्तर म्हणायचे, "पाहतोय." पाहतच होते बिचारे. मांजरानं मासळीच्या टाकीसमोर बसावं तसे स्क्रीनसमोर बसायचे. हात घालायची हिंमत नव्हती.

शेवटी एका दुपारी, बाकीचे डबे उघडून बसलेले असताना, ते काजताईच्या मशीनपाशी गेले.

"जरा येतेस? एक नाव हलवायचंय. कसं करतात ते विसरलो."

ती आली, पण खुर्चीत बसली नाही. मागं उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली.

"तूच कर ना," मास्तर म्हणाले.

"मी हात नाही लावणार, मास्तर. माझ्या हाताला काहीतरी झालंय. रोज घरी जाऊन मुलीच्या फोनवर शीट उघडून बघते. कशी चुकले तेच कळत नाही. भरताना दर माणसामागं दोनदा वाचलं होतं. तरी चुकलं म्हणजे माझ्यात काहीतरी कमी असणार. मुलगी म्हणते, आई, तू थकली असशील. मला तर थकल्याचं पण आठवत नाही." मग आवाज नेहमीसारखा करून ती म्हणाली, "तुम्ही करा. मी सांगते. नावावर नका टिचकी मारू. डावीकडं ओळीचा आकडा आहे ना, त्याच्यावर मारा. अख्खी ओळ निळी झाली? आता उचला. नाव एकटं उचलायचं नाही, मास्तर. एकटं उचललं तर माप तिथंच राहतं."

मास्तरांनी माऊस सोडून दिला. आता खात्री झाली होती. अगदी पक्की, शिवण घालून.

"मी एकटं उचललं होतं," ते म्हणाले.

"केव्हा?"

"कापायच्या आधी. सकाळी. तू यायच्या आधी. सगळी नावं मी लावली. चिठ्ठ्या लावतो तशी. मला वाटलं, मापं येतील मागून."

मास्तर मान वळवून बघायला धजले नाहीत. स्क्रीनच्या काळ्या काठात तिची आकृती दिसत होती, तेवढीच बघत राहिले.

"तुम्हाला हॉटेलात माहीत होतं?" तिनं विचारलं.

"शंका आली होती."

"आणि तुम्ही म्हणालात, नवीन आहे ती."

"हो."

"मी घरी जाऊन मुलीला सांगितलं, मास्तर किती चांगले आहेत. सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली." ती हसली, पण ते हसणं मास्तरांना ऐकवेना. "मी तुमच्यासाठी मनातल्या मनात हात जोडले होते हो."

"मी मालकीणबाईंना सांगतो. आत्ता जातो केबिनमध्ये."

"केबिनमध्ये नको."

"मग?"

"माझं नाव ग्रुपवर आलं. सगळ्यांनी वाचलं, इस्त्रीवाल्यानं दोन अंगठे दाखवले. तुम्ही पण ग्रुपवरच लिहा. स्वतः. मी एक अक्षर सांगणार नाही."

मास्तरांनी फोन काढला. आजवर त्यांनी ग्रुपवर कधी काही लिहिलं नव्हतं. आलेले मेसेज नुसते वाचायचे आणि मालकीणबाईंना तोंडी उत्तर द्यायचे. आता बोट एका अक्षरावर ठेवावं तर शेजारचंच उमटे. ते पुसावं तर तीन पुसली जात. चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग परत कपाळावर. तिकडं डब्यांपाशी बसलेल्या लोकांच्या फोनवर 'मास्तर लिहीत आहेत' अशी ओळ आली. ती जाईना.

"मास्तर लिहितायत!" ओव्हरलॉकवाला ओरडला. "अरे, बघा तरी! मास्तर, कादंबरी आहे का?"

"शुभेच्छा असतील," इस्त्रीवाला म्हणाला. "फुलाचं चित्र शोधत असतील."

हळूहळू सगळे फोन हातात घेऊन बघत बसले. ती ओळ जायची, परत यायची. मास्तर एक शब्द लिहायचे आणि पुसायचे. 'थोडी गडबड झाली' असं लिहिलं, पुसलं. 'गैरसमजातून' असं लिहायला घेतलं, ते त्यांचं त्यांनाच खोटं वाटलं, तेही पुसलं. काजताई मागं तशीच उभी होती. एकदा त्यांना अक्षर सापडेना म्हणून त्यांनी अगतिकपणे वर पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

अखेर मेसेज गेला. सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

'हॉटेलची नावं मी हलवली. मापं हलवली नाहीत. मला येत नव्हतं. काजताईनं सगळं बरोबर भरलं होतं. ती नवीन आहे असं मी म्हणालो. नवीन मी आहे.'

कुणी अंगठा दाखवला नाही. ओव्हरलॉकवाल्यानं डब्याचं झाकण लावलं, तर त्याचा केवढा तरी आवाज झाला. केबिनचं दार उघडून मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. काहीतरी कडक बोलायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी वयाकडं बघून गिळलं. हे गिळणं मास्तरांना बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. मग त्या काजताईकडं वळल्या.

"माझंही चुकलं. विचारायला हवं होतं मी आधी. उद्यापासून तू परत इथं बस."

"आजपासून बसते," काजताई म्हणाली. "पण मास्तरांना उठवा."

मास्तर उठले. त्या गडबडीत खुर्ची फिरली आणि त्यांच्या गुडघ्यावर आपटली, पण कळ आली तरी त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिली नाही. ती बसली. शीटचा जुना, मास्तरांनी हात लावण्याआधीचा तक्ता परत कसा आणायचा, हे तिला वर्गात शिकवलेलं होतं. आपलीच चूक म्हटल्यावर तिला ते शोधायचं सुचलंही नव्हतं. काही वेळानं दरवानापुढं दरवानाचीच उंची आली. शिवणींत सोडलेल्या जादा कापडावर, म्हणजे मायेवर, काही कोट वाढले, काही उसवून लहान केले, बाकीचे नव्यानं कापावे लागले. मास्तर त्या दिवसांत शीळ घालत नव्हते. रोज काम सुटलं की ते काजताईच्या टेबलासमोर स्टुलावर बसत आणि शिकत. ती नीट शिकवी. चिडत नसे, हसतही नसे. 'हलकं धरा' असं मात्र तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही. मास्तरांना ते ऐकायला आवडलं असतं.

दुसऱ्या ट्रायलला हॉटेलात ती दोघंच गेली. उंच दरवानानं कोट चढवला, बटणं लावली, आरशात पाहिलं आणि खूश होऊन हात कानापाशी नेत सलाम ठोकला. कोट जागचा हलला नाही.

"वा! आता कसं," तो म्हणाला. "मागच्या वेळी कुणी घोळ घातला होता हो? या ताईंनी ना?"

काजताई टेप गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गुंडाळून झालेला टेप तिनं सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

मास्तरांना वाटलं होतं, एकदा ग्रुपवर लिहिलं म्हणजे झालं. दुसऱ्यांदा बोलणं सोपं जाईल. कान पहिल्याइतकेच तापले.

"माझा घोळ," ते म्हणाले. "त्यांनी बरोबर लिहिलं होतं. मी बिघडवलं."

"अस्सं?" दरवान म्हणाला, आणि आतल्या स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून मोठ्यांदा ओरडला, "अरे, या सगळे! त्या बाईंचं चुकलं नव्हतं बरं का! हे मास्तर सांगतायत बघा काय झालं ते!"

आतून आचारी हात पुसत बाहेर यायला लागले. मग वाढपी. मागोमाग भांडी घासणारे. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि सगळे येऊन उभे राहीपर्यंत थांबले.